किल्ली सरांकडे असते

काचेच्या दारामागं चौदा पुस्तकं दिसत होती. मोजली, कारण मोजण्यापलीकडं त्यांचं काही करता येत नव्हतं. कपाटाला कुलूप, कडीला सुतळीनं लटकवलेला पुठ्ठा आणि त्यावर निळ्या स्केचपेननं लिहिलेलं : ‘संदर्भ. घरी मिळणार नाही.’ घरी नको, इथंच बसून बघतो, असं म्हटल्यावर काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, ‘‘किल्ली सरांकडे असते. सर आज बाहेर गेलेत.’’ दुसऱ्या खेपेला सर होते, पण किल्ली घरी राहिली होती. तिसऱ्या खेपेला कपाट उघडलं. हातात आलेल्या पहिल्याच पुस्तकाचं प्लॅस्टिकचं वेष्टन अजून तसंच होतं. शिक्का मारण्यापुरती ब्लेडनं पाडलेली चीर, तेवढीच. त्या शिक्क्यावरची तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती.

वाचनालयाचं नाव सांगत नाही. हीच गोष्ट थोड्याफार फरकानं मी आणखी दोन-तीन ठिकाणी अनुभवली आहे आणि त्या ताईंचा तर यात काडीचा दोष नाही. मी नाशिकरोडला बावीस वर्षं लग्नाचे फोटो काढतो, म्हणजे विद्वान नव्हे, गिऱ्हाईक म्हणून तक्रार करतो आहे. माझं म्हणणं सरळ आहे. सार्वजनिक वाचनालयांनी फोटोग्राफीची आणि चित्रकलेची पुस्तकं कुलपातून काढावीत आणि कथा-कादंबऱ्यांसारखी घरी द्यावीत. आणि हे पुढच्या सिंहस्थाच्या आत व्हावं. सिंहस्थाचं का, ते पुढं सांगतो.

कुलूप लागतं त्याला कारणं आहेत. आपल्याकडं ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालचा. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, वर्गाप्रमाणं अनुदान येतं आणि वर्ग ठरवताना ज्या गोष्टी मोजतात त्यात ग्रंथसंख्या येतेच. आता घटकाभर सचिवांच्या खुर्चीत बसून बघा. तीन हजारांचं एक फोटोंचं पुस्तक घेतलं तर दाखल-रजिस्टरात एक ओळ. तेवढ्याच पैशात सवलतीनं पंधरा कादंबऱ्या आल्या तर पंधरा ओळी. कोण शहाणा पहिला सौदा करेल? त्यातूनही एखादं जाडजूड पुस्तक देणगीत आलंच, तर ते हरवल्यावर भरून कोण देणार ही धास्ती. ग्रंथालय सेवकाचा पगार किती असतो हे ज्यानं विचारलंय त्याला ही धास्ती खोटी वाटणार नाही. म्हणून कुलूप. कुलपाला दिलेलं सभ्य नाव म्हणजे ‘संदर्भ’.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला पहिला : ग्रंथ उपयोगासाठी असतात. हा नियम ज्याला पाठ नाही असा ग्रंथपाल सापडायचा नाही, तो परीक्षेलाच येतो. जुन्या काळी युरोपात पुस्तकं फळीला साखळीनं बांधून ठेवत, तो संदर्भही त्यांच्याच पुस्तकात वाचायला मिळतो. आपण साखळीच्या जागी काच बसवली. काचेतून निदान पाठकणा दिसतो.

पण खरा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला घरातच विचारला गेला. ‘‘फोटोच बघायचे ना? मग मोबाइलमध्ये काय कमी आहेत?’’ बायकोचा प्रश्न. उत्तर देताना मी तेव्हा अडखळलो होतो. आता जरा नीट देतो.

लग्नाच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम कोणतं असं विचाराल तर मी सिलेक्शन म्हणेन. दोन दिवसांचं लग्न, दोन कॅमेरे, शिवाय एक कँडिडवाला पोरगा, असे मिळून साडेचार हजार फोटो निघतात. पेनड्राइव्ह नवरीच्या घरी जातो : ‘यातले दोनशे निवडून द्या, करिझ्मा अल्बम (पुस्तकासारखा छापलेला) लावायला घेतो.’ तो पेनड्राइव्ह सहा-सहा महिने टीव्हीखाली धूळ खात पडतो. शेवटी एक मामा बसतो आणि सगळे पाहुणे आले ना, एवढं बघून नंबर लिहून देतो. त्याला हसायचं कारण नाही, कारण आम्ही फोटोवालेही त्याहून फार पुढं गेलेलो नसतो. शार्प आहे? घ्या. डोळे उघडे आहेत? घ्या. कोणत्या फोटोच्या शेजारी कोणता ठेवला तर दोघांनाही उठाव येतो, कुठं एक पान कोरं सोडावं, शेवट कशावर करावा, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नसतं. लेन्सच्या खोक्यातल्या कागदावर ते छापलेलं नसतं आणि तीन तासांच्या वर्कशॉपमध्ये मॉडेल, लाइट आणि चहा यातच वेळ संपतो.

मला ते एका पुस्तकानं शिकवलं. रॉबर्ट फ्रँक नावाचा एक स्विस फोटोग्राफर अमेरिकेत जाऊन राहिला होता. शिष्यवृत्ती मिळाल्यावर १९५५ पासून दोनेक वर्षं जुन्या गाडीतून तो देशभर फिरला. फ्रेम किती काढल्या? सत्तावीस हजारांच्या वर. आणि १९५८ साली पॅरिसला पुस्तक निघालं, ‘द अमेरिकन्स’, त्यात घेतले फक्त ८३. आमच्या मामाच्या दृष्टीनं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पुस्तक मी पहिल्यांदा चाळलं तेव्हा निम्मे फोटो मला बिघडलेले वाटले. तिरके, हललेले, दाणेदार. माझ्या असिस्टंटनं असे काढले असते तर मी पैसे कापले असते. पहिलाच फोटो घ्या. विटांची भिंत, दोन खिडक्या, दोन बायका. बाहेर मिरवणूक चाललेली असावी. एकीचं तोंड अंधारात गेलंय आणि दुसरीच्या तोंडावर नेमका फडकणारा झेंडा आलाय. मिरवणूक बघायला आलेल्या बाईचा चेहराच झेंड्यानं पुसलेला. तिसऱ्यांदा पुस्तक घेऊन बसलो तेव्हा लक्षात आलं की पुढं पुढं तो झेंडा परत येतो. मधे बरीच पानं जातात आणि पुन्हा झेंडा. कीर्तनात बुवा आख्यान सांगता सांगता धृपदावर येतात, तसा. त्या दोन झेंड्यांच्या मधली पानं मग एकमेकांशी बोलायला लागतात. हे एका फोटोत नाही, ते पानं उलटण्यात आहे. मोबाइलवर त्या ८३ पैकी दहा-बारा फोटो तुम्हाला सहज दिसतील, कोणीतरी आपल्या मर्जीनं लावलेले, मधे साडीची जाहिरात. धृपद गेलं की उरतात सुटे फोटो.

त्यानंतरच्या सिझनला सिन्नरकडच्या एका लग्नाचा अल्बम लावताना मी एक धाडस केलं. नवरीच्या वडिलांच्या हातात दोन दिवस एक पांढरा हातरुमाल होता. घाम पुसायला, हिशेबाच्या चिठ्ठ्या गुंडाळायला, वाजंत्रीवाल्याला थांब म्हणून खूण करायला. पाठवणीच्या वेळी तो कुठं गेला ते सांगायला नको. असे चार फोटो मी अल्बमभर अंतरा-अंतरानं पेरले. नवरीची आत्या म्हणाली, ‘‘यात नवरदेव कमीच दिसतोय की हो.’’ वडील काहीच बोलले नाहीत. राहिलेलं पेमेंट त्यांनी त्याच दिवशी दिलं. धंद्यातल्या माणसाला याहून मोठं प्रशस्तिपत्रक माहीत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेस’ म्हटलं की नोटा आणि तिकिटं छापणारी प्रेस. आमच्या गल्लीतले एक काका तिकिटांच्या छपाईतून निवृत्त झालेत. त्यांच्या खिशात अजून भिंग असतं. एकदा दुकानात टेकले असताना माझ्या टेबलावरचं एक कृष्णधवल पुस्तक त्यांनी ओढलं, चेहऱ्यांकडं बघितलंसुद्धा नाही. एका माणसाच्या काळ्या कोटावर भिंग टेकवलं आणि म्हणाले, ‘‘दोनदा चढवलाय काळा. ये, बघ.’’ बघितलं. नुसत्या डोळ्यांना जो सपाट काळा दिसत होता, त्यात ठिपक्यांचे दोन थर होते, एक गडद आणि त्याच्याखाली एक किंचित राखी. कोटाची घडी त्या राखीमुळं दिसत होती.

मग काका सुटले. गांधीजींची तिकिटं १९४८ साली निघाली ती स्वित्झर्लंडमधून छापून आली, फोटोग्रेव्ह्यूर पद्धतीनं. नाशिकला त्या पद्धतीनं पहिली मालिका निघाली ती १९५२ साली, संत-कवींची : कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब, टागोर. ऑफसेटमध्ये ठिपका लहान-मोठा होऊन काळा-पांढरा ठरतो. ग्रेव्ह्यूरमध्ये शाई खळग्यात बसते, खळगा जेवढा खोल तेवढी शाई जाड, आणि जाड शाईचा काळा मऊ दिसतो, मखमलीसारखा. काकांना फोटोग्राफीतलं काही कळत नाही, हे ते स्वतःच सांगतात. पण काळा म्हणजे काय हे मला बावीस वर्षांत कॅमेरा कंपनीच्या कुठल्या माणसानं सांगितलं नव्हतं, ते त्यांनी दहा मिनिटांत दाखवलं. त्यासाठी टेबलावर पुस्तक असावं लागलं. मोबाइलच्या काचेवर भिंग टेकवून बघा, तिथं प्रत्येक फोटोला तेच तीन रंगांचे दिवे.

जिथं नोटेवरची केसाएवढी रेघ ओढली जाते त्या गावातल्या वाचनालयांना छापील चित्राची किंमत कळू नये, याचं मला खरंच वाईट वाटतं. असो.

नाशिकजवळच्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात रविवारी सकाळी जाऊन या. जानेवारी २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला, महाराष्ट्रातला पहिला, तेव्हापासून गर्दी आणखी वाढलीय. पाळीवर दीड-दीड, दोन-दोन लाखांच्या लेन्सा ओळीनं लागलेल्या असतात. एक गोष्ट मानली पाहिजे, ही मंडळी वाचतात. पक्ष्यांची पुस्तकं त्यांच्या गाडीत असतात, चिखल्या कोणता आणि तुतारी कोणता यावर ती भांडतात. पक्षी ओळखायला पुस्तक लागतं हे त्यांना पटलेलं आहे. पक्ष्याचा फोटो ओळखायला, म्हणजे आपण काढलेला चांगला की नुसताच जवळचा हे कळायला, काही लागतं हे मात्र डोक्यात येत नाही. मग शंभर जणांचे शंभर रोहित पक्षी एकाच कोनातून उडतात.

‘आमच्या वेळी कुठं होती पुस्तकं, हात घालूनच शिकलो,’ असं जुने फोटोग्राफर सांगतात. त्यांना मी फाळक्यांचं उदाहरण देतो, कारण नाशकात फाळक्यांच्या पुढं कोणी बोलत नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेला हा माणूस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, बडोद्याच्या कलाभवनात शिकला, गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढून बसला, शिळाछपाईत घुसला. सिनेमाचा नाद लागला तेव्हा विलायतेचं तिकीट काढण्याआधी त्यानं या विषयावरची पुस्तकं आणि कॅटलॉग जमवून वाचले, हाती लागेल तो सिनेमा बघितला, इतका की डोळे अधू झाले. १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा आणला, कुंडीत उगवणाऱ्या वाटाण्याचं रोज थोडं थोडं चित्रण करून पैसेवाल्यांना दाखवलं आणि मग १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. हात घालूनच शिकले, खरंय. पण हात घालण्याआधी वाचलं होतं.

आणि लिहिलंही. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात फाळक्यांनी भारतीय चित्रपटावर लेख लिहिले, मराठीत. येशूचा सिनेमा बघताना डोळ्यांपुढं राम-कृष्ण कसे उभे राहिले, घरात काय हलाखी झाली, हे त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलंय. कलावंताच्या जगण्यावरचं मराठीतलं असं लेखन नाशिकच्या पोराला नाशकात सहज मिळायला हवं की नको? पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, तिथं सहली जातात, पोरं कारंज्यापाशी सेल्फी काढतात. लेख मी तीन ठिकाणी मागितले. एका ठिकाणी मला दादासाहेब फाळके पुरस्कारविजेत्यांची यादी दाखवण्यात आली.

म्हणजे ‘ही सगळी इंग्रजी पुस्तकं, आपल्या वाचकाला काय उपयोग’ हा आक्षेपही अर्धाच खरा आहे. फोटोंच्या पुस्तकात वाचायला असतं किती? आणि मराठीत काहीच नाही असंही नाही. चित्रकार धुरंधरांनी जे. जे.तल्या आपल्या दिवसांवर ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ लिहिलं ते १९४० साली. द. ग. गोडशांचा ‘पोत’ १९६३ चा. प्रभाकर बरव्यांचा ‘कोरा कॅनव्हास’ १९९० चा. चित्रकार स्वतःशी काय बोलतो ते बरव्यांइतकं निवांतपणे मराठीत फार थोड्यांनी लिहिलं असेल. मी ते पुस्तक लग्नाच्या सिझनमध्ये वाचायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही. आषाढात वाचलं, तेव्हा पानापानावर थांबावं लागलं. गौतम राजाध्यक्षांचा ‘चेहरे’ आहे. फोटोग्राफीवरचं मराठी शेल्फ चित्रकलेच्या मानानं रिकामं आहे हे कबूल. पण जे आहे ते मागणाऱ्याच्या हातात पडत नसेल, तर नवं लिहायला बसणार कोण आणि छापणार कोण?

एक गोष्ट माझ्याच विरोधात जाणारी आहे. कलेबद्दल वाचणं हे कला टाळण्याचं फार सोयीचं साधन होऊ शकतं. मला हे माहीत आहे, कारण एक अख्खा पावसाळा मी तेच केलं. ‘तुमच्यातला सर्जक जागवा’ छापाची पुस्तकं ओळीनं वाचली, वहीत अधोरेखित वाक्यं उतरवून काढली आणि चार महिन्यांत लग्नाबाहेरचा एक फोटो काढला नाही. वाक्यं वाचून अंगात आल्यासारखं होतं, ते दुसऱ्या दिवशी उतरतं. असली पुस्तकं वाचनालयांनी घेतली नाहीत तरी माझी हरकत नाही, आणि गंमत म्हणजे तीच सर्रास मिळतात, कारण दोनशे रुपयांची असतात. मंत्र्यांना हारासोबत दिली जाणारी चकचकीत कॉफी-टेबल पुस्तकंही सोडून द्या. मी ज्या पुस्तकांबद्दल बोलतोय ती एका माणसानं एका गोष्टीकडं पाच-दहा वर्षं बघितल्यावर निघतात. फोटोग्राफर रघुवीर सिंह गंगेच्या काठानं वर्षानुवर्षं फिरले, त्यांचं गंगेवरचं पुस्तक १९७४ साली आलं. आम्ही गोदावरीच्या काठी जन्मलो आणि कॅमेरा घेऊन रामकुंडावर जातो ते रविवारची पहाट बघून, तासाभरात मिसळीला वळतो.

म्हणून सिंहस्थ. २०२७ च्या पावसाळ्यात पर्वस्नानं आहेत. घाट, रस्ते, पूल, सगळीकडं कामं निघालीत. जगभरातून कॅमेरे येतील. शहरातली आपली पोरंही उतरतील, त्यांच्यासाठी स्पर्धा होतील, बक्षिसं लागतील. २०१५ ला काय झालं ते आठवतंय. राख फासलेला साधू, धुराचा लोट, पाण्यात उडी, केस झटकताना उडालेले थेंब. मीही तोच काढला, माझ्या दुकानात लावलाय, लोक छान म्हणतात. पण त्या गर्दीत नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपाशी टेकून भाकरी खाणाऱ्या बायका होत्या, भांडी बाजारात शटर अर्धं ओढून आत झोपलेला दुकानदार होता, घाटावरच्या पूजेवर वर्षभर पोट असलेला आणि त्या दिवसांत पासाअभावी घरी बसलेला माणूस असेल. ते आम्हाला दिसले नाहीत. असेही फोटो असू शकतात हे आधी कुठं बघितलेलं नसेल तर ते डोळ्यांपुढून जातात आणि बोट बटणावर जात नाही.

सिंहस्थाच्या कामांचे आकडे कोटींत असतात. त्यातले किती सुशोभीकरणावर, हे मी विचारत नाही. एखाद्या चौकातल्या कारंज्याच्या पैशात शहरातल्या प्रत्येक मोठ्या वाचनालयात शंभर-शंभर पुस्तकांचं एक कपाट उभं राहील, बिनकुलपाचं. डिपॉझिट घ्यायचं, पाचशे-हजार, पुस्तक परत आलं की परत. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून ग्रंथखरेदीला मदत मिळण्याच्या योजना आहेत, त्यात कलेच्या पुस्तकांचा आग्रह धरायला सचिवांना कोणी बंदी केलेली नाही. आणि ग्रंथालय संचालनालयाला एक विनंती : वर्ग ठरवताना पुस्तकं किती आहेत यासोबत ती किती वेळा घरी गेली हेही मोजा. कुलपं आपोआप निघतील.

‘फाटतील, पानं कापून नेतील.’ हा शेवटचा आक्षेप आणि तो खरा आहे. सहा वर्षांपूर्वी मी दुकानात स्वतःची चाळीसेक पुस्तकं एका फळीवर ठेवली. कुलूप नाही, शंभर पानी वही आहे, नाव लिहायचं आणि न्यायचं. दोन पुस्तकं गेली ती गेली. एकाचं पान फाटलं, ते नेणाऱ्यानंच सेलोटेप लावून आणलं, वाकडं. ‘द अमेरिकन्स’च्या मधल्या एका पानावर हळदीचं बोट उमटलंय. एक पोरगा पुस्तक बॅगेत घालून सरळ हळदीच्या शूटला गेला होता, दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात मांडवामागं बसून बघत होता म्हणे. तो डाग पुसायचा मी प्रयत्न केला नाही. पुस्तक सध्या पुन्हा त्याच्याकडंच आहे. वहीप्रमाणं मागच्या गुरुवारी यायला हवं होतं. काल त्याचा फोन आला, ‘‘दादा, आठ दिवस अजून ठेवू का? देवळालीचं एक लग्न लावायला घेतलंय, तीनशेचे ऐंशी करतोय.’’